लिफ्टच्या खोलीतली दुर्बीण

"इंग्लिश मीडियमची आहे ना, तिला येत असेल. बोलत नाही, पण येत असेल."

सेक्रेटरी अंकल माझ्या पाठीमागे कुणाला तरी हे सांगत होते, हळू आवाजात. त्यांचा हळू आवाज खाली पार्किंगपर्यंत जातो. मी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर उकिडवी बसले होते. कोजागिरीची संध्याकाळ होती. एका कोपऱ्यात शेगडीवर मसाला दुधाचं पातेलं होतं, सतरंज्यांवर अर्धी बिल्डिंग बसली होती, आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर हिरव्या अक्षरांत सांगत होतं की दुर्बीण बरोब्बर शनीवर रोखलेली आहे. शेजारच्या चौकटीत, जिथे कॅमेऱ्यातून शनी दिसायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. नुसता काळोखही नाही. आमच्याकडचा काळोख, म्हणजे मळकट नारिंगी.

"येतोय, येतोय," काका म्हणाले. शनी जणू चेकनाक्याच्या सिग्नलला अडकला होता.

"अहो काका, पण येतोय कुठून? इकडे दूध आटत आलं," अंकल म्हणाले.

काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी सगळी ट्रॉम्बेला झाली, आता रिटायर्ड आहेत, आणि दुर्बीण त्यांची आहे. आमच्या बिल्डिंगला नवीन लिफ्ट आली तेव्हा तिची मशीन लिफ्ट वरखाली होते त्या बोगद्यातच मावली आणि गच्चीवरची जुनी मशीनची खोली रिकामी झाली. कमिटीने तिचं काय करायचं हे ठरवायच्या आत काकांनी तिथे दुर्बीण ठेवली. मग तिचा मोटारवाला स्टँड, मग खोकी, मग एक टेबलफॅन आणि एक खुर्ची. कालांतराने दुसरी खुर्ची आली. ती माझी.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. बोलून नाही, लिहून. म्हणून ती नोकरी मला मानवते. मराठी मला सगळं कळतं, घरी आम्ही मराठीच बोलतो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी आधी वाक्य मनात पूर्ण करून घेते, लिंग-वचन तपासते, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. एकदा लहानपणी मी भर हळदीकुंकवात "माझी पाय दुखते" म्हणाले होते. आमच्या मजल्यावरच्या बायका अजूनही मला पाहिलं की पायाची चौकशी करतात.

लिफ्टच्या खोलीत तसं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मी तिथे बसायचे. काका एखाद्या स्क्रूशी बोलत असायचे, मी त्यांच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नीटनेटकं करत असायचे, आणि कुणी मला काही विचारायचं नाही. मुंबईत कुणी काही न विचारणारी खोली मिळणं किती कठीण आहे हे ज्याला भावंडं, आत्या आणि शेजारी आहेत त्याला सांगायला नको.

तर ही खोली आता अंकलना हवी होती. गणपतीचं मखर, मांडवाचे पाइप आणि खुर्च्या ठेवायला. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "काका, मेंबरांना त्या दुर्बिणीचा उपयोग काय? असं करू. कोजागिरीला सगळ्यांना शनी दाखवा. दूध वाटून होईपर्यंत दिसला तर खोली तुमची. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी खुर्च्या आत."

सगळे हसले, अंकलही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन गच्चीवर आले आणि त्यांनी खोलीची लांबी-रुंदी मोजून घेतली.

गंमत म्हणजे स्वतः अंकल शनीकडे बघणार नव्हते. त्यांना साडेसाती चालू होती. "तो माझ्याकडे बघतोय तेवढं पुरे आहे," असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी काकांच्या हॉलमध्ये बसून तयारी केली. या सॉफ्टवेअरला आधी सगळं सांगावं लागतं. आज कोणती दुर्बीण आहे, कोणता कॅमेरा, कोणता स्टँड, आणि आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत. हे सगळं एका नावाखाली साठवून ठेवायचं, त्याला प्रोफाइल म्हणतात. मग दर वेळी नुसतं ते नाव निवडायचं, 'शनी' म्हणायचं आणि बटण दाबायचं. मोटार गुरगुरते आणि दुर्बीण वळते. काकांचा या बटणावर फार जीव. हाताने दुर्बीण वळवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या.

"काय करतेस गं?"

"प्रोफाइल बनवतेय."

"अगं बाई! आईला सांगितलंस का?"

माझे कान तापले. काका म्हणाले, "दुर्बिणीचं गो."

"मग काय झालं? तिलाही चांगलं स्थळ लागतंच की," काकू म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा आणायला गेल्या.

काकांच्या लॅपटॉपमध्ये एकच प्रोफाइल होतं आणि त्याचं नाव होतं 'गाव'. ते त्यांनी गणपतीत केलं होतं. काकांचं गाव कुडाळच्या पुढे आहे. दर वर्षी गणपतीला ते दुर्बिणीसकट जातात आणि ठरलेल्या दिवशी कधीच परत येत नाहीत. बिल्डिंगच्या ग्रुपवर अंकल विचारतात, काका आले का? काका लिहितात, उद्या निघतोय. असे बरेच उद्या जातात. शेवटी येतात तेव्हा पिशवीत कोकमं असतात आणि तोंडात गावचं आकाश. गावाक चंद्र कसा धुतल्यासारखा असतो. गावाक तारे मोजायला बसलं तर जेवण थंड होतं. इथल्या आकाशाबद्दल ते फारसं वाईट बोलत नाहीत, आजारी माणसाबद्दल बोलावं तसं सांभाळून बोलतात.

मला नवीन प्रोफाइल कोरं करकरीत करायचं होतं. काका म्हणाले, "नवीन कशाला? गावचंच कॉपी कर, कॅमेरा बदल आणि कोजागिरी नाव दे."

मी तसं केलं. कॅमेरा बदलला, नाव दिलं. मग जागेच्या चौकटीशी आले. तिथे गावचे आकडे होते.

"लोकेशन?" मी विचारलं. मनात पूर्ण वाक्य होतं, बाहेर एवढंच आलं.

"जीपीएस आहे ना," काका म्हणाले. "गच्चीवर गेल्यावर लावायचा. आपण कुठे आहोत ते तो सांगतो, आकडे आपोआप बदलतात. हाताने भरायचे कशाला?"

बरोबरच होतं. त्यांच्याकडे काडेपेटीएवढी एक काळी डबी होती, तिला उंदराच्या शेपटीसारखी वायर. लॅपटॉपला लावली की ती उपग्रहांना विचारून आपला पत्ता सांगायची. गावाहून आल्यावर सतत ढग असल्यामुळे ती नंतर वापरलीच नव्हती, एवढंच.

मग दसरा आला, आणि काकूंनी पूजा केली.

काकू दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात म्हणजे घरातल्या वायर असलेल्या प्रत्येक वस्तूची करतात. मिक्सर, इस्त्री, काकांचं ड्रिल मशीन, वायफायचा डबा. त्या वर्षी गच्चीवरच्या खोलीचं संकट होतं म्हणून दुर्बिणीची पूजा जरा जोरात झाली. दुर्बिणीला झेंडूची माळ, स्टँडच्या तिन्ही पायांना कुंकू, लॅपटॉपला हळद, आणि जीपीएसच्या डबीला बोट बुडवून दोन्ही. वरून सगळ्यांवर अक्षता. मी प्रसाद घ्यायला गेले होते, मी बघितलं. काकू कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू लावणार तेवढ्यात काकांनी त्यांचा हात धरला, म्हणून तो वाचला.

आणि आता कोजागिरी होती, झेंडूची माळ दुर्बिणीवर सुकलेली होती, आणि शनी नव्हता.

"तो काय, तो! चमकतोय बघा," सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी माना वळवल्या. ते सांताक्रूझला उतरणारं विमान होतं. थोड्या वेळाने दुसरा शनी सापडला, तोही सांताक्रूझलाच उतरला.

"काका, जरा हाताने ढकलून बघा ना इकडे तिकडे," अंकल म्हणाले.

"हाताने ढकलायला ती हातगाडी आहे काय?" काकांचा आवाज चढला. मग ते स्टँडकडे वाकले आणि स्वतःशीच पुटपुटले, "खंय गेलो मेलो?" काका मालवणीत गेले की समजायचं, घाबरले आहेत.

मला वाईट वाटलं. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काकूंनी दुधात वेलची टाकली. वास सगळ्या गच्चीभर पसरला. आई सतरंजीवर बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्याचा अर्थ मला ठाऊक आहे, लहानपणी नाट्यछटेच्या स्पर्धेत मी स्टेजवर गप्प उभी राहिले तेव्हाही ती असंच बघत होती. अंकलनी स्टीलचे ग्लास मांडायला घेतले. ते ग्लास जरा जास्तच आवाज करत मांडत होते.

मी ऑफिसात करते तेच केलं. सॉफ्टवेअर जे छान आहे म्हणून सांगतंय, तेच आधी तपासायचं. कॅमेरा जोडलेला, हिरवा. स्टँड जोडलेला, हिरवा. वेळ बरोबर. मग खाली कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही अशा जागी, जीपीएसचं चिन्ह होतं. ते राखाडी होतं. सॉफ्टवेअरला डबी मिळालीच नव्हती. आणि मिळाली नाही म्हणून त्याने तक्रारही केली नव्हती, मुकाट्याने प्रोफाइलमध्ये साठवलेली जागा घेतली होती. थोडंफार माझ्यासारखंच वागलं होतं.

मी जागेची चौकट उघडली. अक्षांश सोळा. खिशातून फोन काढून बघितला, अक्षांश एकोणीस. मी हात लांब करून आकाशासमोर दोन बोटं धरली. साधारण तेवढा फरक. गावाहून शनी जेवढा वर दिसला असता तेवढ्या उंचीवर दुर्बीण बघत होती, आणि मुलुंडचा शनी तिच्या नाकाखाली निवांत बसला होता.

मी डबीची अर्धवट अडकलेली वायर उपसली. पुन्हा लावायला गेले तर ती आत बसेना. फोनच्या टॉर्चचा उजेड लॅपटॉपच्या त्या खाचेत टाकला. आत काहीतरी पिवळं होतं. काकू ग्लास घेऊन जवळून जात होत्या. मी त्यांच्या बांगडीकडे बोट दाखवलं. त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली आणि काय चाललंय ते बघायला वाकल्या. मी पिन आत घातली, जरा फिरवली, आणि तळहातावर एक तांदळाचा दाणा पडला. हळदीचा.

काकूंनी दाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सतरंज्यांवरच्या अख्ख्या बिल्डिंगकडे पाठ करून ओठांवर बोट ठेवलं. दाणा उचलून त्यांनी पदराला बांधला आणि "बदाम घालायचे राहिले" असं मोठ्याने म्हणत त्या शेगडीकडे गेल्या.

डबी आता बसली, तिचा दिवा लुकलुकू लागला. पण इतक्या दिवसांनी, इतक्या लांब येऊन जागी झालेली ती, उपग्रह शोधायला वेळ घेणार होती. तिकडे दूध ग्लासात पडू लागलं होतं. मी फोनवरचे आकडे बघून चौकटीत हाताने भरले. प्रोफाइल साठवलं. दुर्बीण पुन्हा सुरुवातीच्या जागी, उत्तरेला आणून सरळ केली आणि स्टँड एकदा बंद करून चालू केला.

"काय करतंस गो?" काकांनी विचारलं.

"एक मिनिट," मी म्हणाले.

"चालू होतं ते बंद कशाला केलंस?"

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मनात इंग्रजीत वाक्य तयारही होतं, चार शब्दांचं, ऑफिसात लिहिते तसं. मराठीत आणेपर्यंत स्टँड पुन्हा जोडला गेला, म्हणून मी बोलण्याऐवजी बटण दाबलं.

मोटार गुरगुरली. दुर्बीण आग्नेयेकडे वळली, मघाच्याच जागी गेल्यासारखी वाटली आणि मग जराशी खाली झुकली, एखाद्याने चष्म्यावरून बघावं तशी. माळेतलं एक झेंडूचं फूल खाली पडलं. चौकटीत आधी नारिंगी मळकटपणा सरकला. मग डाव्या कडेने एक पिवळसर मणी आत आला, थरथरत मध्यभागी थांबला. या वर्षी शनीचं कडं आपल्याकडे कडेने वळलेलं आहे, त्यामुळे मण्यातून आरपार सुई गेल्यासारखं दिसत होतं.

पहिल्यांदा काकाच ओरडले. काय ओरडले ते मालवणीत होतं आणि लिहिण्यासारखं नव्हतं. मग सगळे उठले. ग्लास हातात घेऊन लोक लॅपटॉपभोवती जमले. "खरंच आहे काय हा? का फोटो लावलाय?" "अगं हलतोय बघ." "कडं कुठंय? ही तर काडी आहे." आईने माझ्या डोक्यावरून मान पुढे काढून बघितलं आणि माझे केस कानामागे सारले.

अंकल लांब उभे होते, कठड्याशी, पाठ करून.

"अहो या ना," काकू म्हणाल्या. "स्क्रीनवर बघितलेलं लागत नाही."

"नक्की?"

"दुर्बिणीला डोळा लावला तर लागतं. हे टीव्हीसारखं."

अंकल आले. दोन बोटांतून बघावं तसं एका डोळ्याने बघितलं, मग दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. "एवढूसा आहे," ते म्हणाले. "आणि मला किती त्रास देतो."

मला वाटलं, झालं. खोली वाचली. पण अंकल सेक्रेटरी उगाच झालेले नाहीत. ग्लासातलं दूध संपवून, मिशी पुसून ते म्हणाले, "दिसला, मान्य आहे. पण काका, दूध निम्मं वाटून झाल्यावर दिसला. मधे एवढा वेळ काय बिघडलं होतं?"

"बिघडलं काय नाय," काका म्हणाले. "शनी वर यायचा होता."

"तो तर मघापासून वरच आहे म्हणत होतात तुम्ही. हे बघा, मशीन खराब असेल तर तसं सांगा. खराब वस्तूसाठी सोसायटीची खोली अडकवून ठेवायची, हे मला मेंबरांना सांगता येणार नाही."

काकांनी दुर्बिणीवरची माळ उगाच सारखी केली. त्यांना खरंच माहीत नव्हतं काय झालं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं, पदराची गाठ मुठीत धरून. मग हळूहळू सगळ्यांनीच बघितलं, कारण बटण मी दाबलं होतं.

"सांग ना गं," आई म्हणाली.

मी उभी राहिले. पाय खरंच दुखत होते, उकिडवं बसून. सांगायला दाणा होता, पण तो काकूंच्या पदरात होता आणि तिथेच राहणार होता. आकडे होते, पण अक्षांशाला मराठीत अक्षांश म्हणतात हे मला त्या क्षणी आठवेना. मी वाक्य मनात जुळवलं. दुर्बीण, स्त्रीलिंगी. आली, गेली. लोक या वेळी दुसऱ्या विषयावर गेले नाहीत, सगळे थांबले होते, हातातले ग्लास अर्धवट वर धरून.

"काही बिघडलं नव्हतं, अंकल," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "काका गणपतीहून परत आले, पण दुर्बीण यायची राहिली होती. ती अजून गावीच होती. आत्ता पोचलीये. आल्या आल्या तिला खोलीबाहेर काढू नका."